माल्कमपेठेचे गाववाले

दुबईला जाऊन आले म्हटलं की लोक आधी सोन्याचा भाव विचारतात. आमच्या पेठेतल्या बायकांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, "बायांनो, मी सोन्याच्या बाजारात पाऊलसुद्धा टाकलं नाही." मी गेले होते माझ्या दादाला घरी आणायला. पुण्याच्या पुढे कधी न गेलेली बाई मी, पण त्यासाठी पासपोर्ट काढला, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला आणि एकटी विमानात बसले. काय पाहिलं, काय खाल्लं, कोण भेटलं ते सगळं सांगते. मध्ये कुणी सोन्याचं विचारू नका म्हणजे झालं.

आधी गावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं गाव तुम्ही महाबळेश्वर म्हणून ओळखता. तुम्ही येता, घोड्यावर बसता, चणे खाता, चपला घेता आणि जाता. पण ज्या बाजारात तुम्ही फिरता त्याचं नाव माल्कमपेठ. कुठल्याशा गोऱ्या गव्हर्नरावरून पडलेलं. नगरपालिकेच्या शाळेत चौथीच्या पोरांना हे शिकवण्यात माझा जन्म गेला. आम्हा दोघा भावंडांचा जन्म त्या पेठेतला, त्यामुळे दादाच्या पासपोर्टवर जन्मगाव म्हणून हेच नाव.

दादा, म्हणजे दत्तात्रय, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वेल्डर होता. आणीबाणी उठली त्या सुमाराला आखातात गेला तो तिथलाच झाला. लग्न केलं नाही. दोन-चार वर्षांनी यायचा, खजूर वाटायचा आणि पहिलं धुकं उतरलं की म्हणायचा, "आता भरून पावलो, जातो." अठ्ठ्याण्णवच्या थंडीत त्याचा फोन आला. बोलताना धाप लागत होती.

"सुमे, न्यायला ये मला. छातीचं काही खरं नाही. एकट्याला विमानात बसू देत नाहीत. आणि हे बघ, येताना खसखस आणू नकोस. इथं तुरुंगात टाकतात."

"कुणाला टाकतात? अनारशाला?"

"तुला टाकतील गं बाई!" म्हणाला आणि हसता हसता इतका खोकला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

मी रव्यावर अनारसे थापले. अनारसे कसले, टक्कल पडलेले म्हातारे दिसत होते.

शारजा, अल मजाज

विमानतळावर बाहेर आले तर गर्दीत एकानं पुठ्ठा धरला होता. त्यावर चक्क मराठीत लिहिलेलं, 'माल्कमपेठ'. परमुलखात गावाचं नाव वाचून मला भडभडून आलं. जवळ गेले. सावळा, जाडजूड, पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस.

"सुमनताई ना? या. मी माल्कम."

"अहो, ते गावाचं नाव. तुमचं काय?"

"माझंच नाव माल्कम, ताई. मी दादाचा गाववाला."

मी नखशिखान्त बघितलं त्याच्याकडे. पेठेतला प्रत्येक माणूस मी शाळेत एकदा तरी कान धरून उभा केलाय. "कुठल्या आळीचे?"

"वसईचा," तो म्हणाला आणि माझी बॅग उचलून चालायला लागला.

हा वसईचा ख्रिस्ती माल्कम एसी दुरुस्तीच्या कामात होता. अल मजाजमध्ये खाडीच्या काठाला एका उंच इमारतीत त्याचं बिऱ्हाड. बायको मोनिका आणि मुलगी शॅरन. दादा आजारी पडल्यावर कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पातून उचलून त्यानं त्याला घरी आणलं होतं. मुलीची खोली दिली होती. मुलगी बाहेर सोफ्यावर निजायची. मी तिला मराठीत विचारलं, "तुला अडचण होते ना गं?" तर ती म्हणाली, "नो आँटी, इट्स ओके, ही इज अवर गाववाला." त्या एवढ्या इंग्रजीत तो एक मराठी शब्द कसा ठसक्यात बसला होता!

दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी, बाजूला सिलिंडर. खांदे एवढे रुंद होते त्याचे, आता शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. रडायचं नाही असं विमानात ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

"रडतेस काय? डबा उघड," तो म्हणाला. अनारसा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "हे काय, केस काढले याचे?"

"तूच म्हणालास."

"मग बरोबर आहे." अर्धा खाल्ला. अर्धा मुठीत धरून बसला, किती तरी वेळ.

मोनिकावहिनींनी त्या रात्री माशाची आमटी केली होती. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि दहा मिनिटांत पिठलं टाकलं. त्या म्हणाल्या, "ताई, इथं कोथिंबिरीची जुडी एक दिरहम. म्हणजे दहा रुपये!" तिथं सगळे असेच बोलतात. आधी दिरहम, मग रुपये, मग एक उसासा.

जेवताना मी विषय काढलाच. "वसईचा माणूस महाबळेश्वरचा गाववाला कसा हो?"

माल्कमनं सांगितलं ते असं. कॅम्पात माणूस आला की पहिला प्रश्न गाव कुठलं. खेडचे खेडवाल्यांत जातात, दापोलीचे दापोलीत. मग आजारी पडलं तर गाववाले उशाशी बसतात, सुट्टीवर जाताना गाववाल्यांचं सामान नेतात, मेलं तर गाववालेच सगळं करतात. दादा आला तेव्हा त्याला गाववाला कुणी नव्हता. पेठेतून कोण जाणार आखातात? आमची पोरं घोडे फिरवतात नाहीतर दुकानात बसतात. सणाला सगळे आपापल्या गावच्या खोलीत जमायचे आणि हा बाहेर पायरीवर बसायचा.

"मग साईटवर नवा साहेब आला," दादा पलंगावरून म्हणाला. त्याला ही गोष्ट स्वतःच सांगायची होती, धाप लागली तरी. "गोरा. स्कॉटलंडचा. सगळ्यांचे पासपोर्ट बघत होता. माझा बघून थांबला. म्हणाला, 'ये मेरा नाम है. तुम मेरे गाँव का आदमी.' तेव्हापासून मला दत्ता म्हणालाच नाही. पेठ म्हणतो."

"तोही माल्कम?"

"तोही. मग मी ठरवलं. माल्कम भेटला की आपला गाववाला."

जिन्यात एक बोका होता, त्याचंही नाव दादानं माल्कम ठेवलं होतं. पण वसईकर त्याला गाववाल्यांत धरायला तयार नव्हता. "आपण ठेवलेलं नाव चालत नाही, ताई. जन्माचं पाहिजे. नियम म्हणजे नियम." दादा म्हणाला, "दूध तर तूच घालतोस त्याला." दोघंही हसले. मला मात्र ती पायरी दिसत होती आणि तिच्यावर एकटा बसलेला माझा दादा. हसू काही येईना.

झोपायच्या आधी त्यानं मला जवळ बोलावलं. "सुमे, एक सांगून ठेवतो. मी इथून मेलेल्यांच्या लाकडी पेट्या विमानात चढवताना बघितल्यात. वर नाव, वजन. मी जाईन तर बसून जाईन. पेटीत घालून पाठवायचं नाही."

"अभद्र बोलू नकोस. खिडकीची जागा घेते तुला."

"घे," तो म्हणाला. "वाई सोडली की धुकं लागतं. ते बघायचंय."

जबल अली

डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवस ताप आला नाही तर प्रवासाला परवानगी देतो. पण दादाचा पासपोर्ट कंपनीकडे, आणि कंपनी जबल अलीला, दुबईपलीकडच्या बंदराशी. आपल्याकडे माणसाच्या जमिनीचे कागद सावकाराकडे असायचे, तिथं माणूसच गहाण असावा तसा.

न्यायला आला तो तिसरा माल्कम. हा पाकिस्तानातला, लाहोरकडचा ख्रिस्ती, माल्कम मसीह. पिकअप चालवायचा. पाकिस्तानी म्हटल्यावर मी जरा अंग चोरूनच बसले, खोटं कशाला सांगू. तो मात्र मला "बाजी" म्हणायला लागला. त्यांच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात.

रस्ता म्हणजे काय सांगू! आमच्या पसरणीच्या घाटात दोन एसट्या समोरासमोर आल्या की श्वास रोखावा लागतो. इथं एका बाजूनं चार-चार गाड्या आणि वळण नावालासुद्धा नाही. दोन्हीकडे वाळू. झाड दिसलं तर त्याच्या बुडाशी नळी. मला त्या झाडांकडे बघून दादाच आठवत होता.

रमजानचा महिना होता. हे माझ्या डोक्यातून पार गेलं. गोदामांपाशी गाडी थांबली तशी मी पिशवीतून चणे काढले आणि तोंडात टाकणार, तेवढ्यात मसीहनं झडप घालून माझा हात खाली केला. "बाजी, रोज़ा है सबका! यहाँ बाहर नहीं खाते." मी ओशाळले. चणे पदराच्या टोकाला बांधले; पुढच्या खेपांनाही तसेच बांधून नेले. संकष्टीला आमच्या घरात कुणी वडा तळला तर मी किती बोलते, ते आठवलं.

कंपनीच्या ऑफिसात एक गृहस्थ बसले होते. पासपोर्टचं नाव काढताच म्हणाले, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, देवाची इच्छा आहे, तुमची कधी होणार? पण मराठीत म्हटलं, त्यामुळे ते नुसतेच हसले.

त्या तिसऱ्या खेपेला तो स्कॉटलंडचा माल्कम आला. अबुधाबीहून स्वतः गाडी चालवत. सत्तरीकडे झुकलेला, लालबुंद, उंच, गुडघे दुखत असावेत असं चालणं. मला बघून हात जोडले. "तुम बहन. पेठ का बहन." मग आत गेला. काचेतून मला दिसत होतं, तो ओरडत नव्हता. खुर्चीवर बसला आणि उठलाच नाही. ऑफिसं लवकर बंद होतात त्या महिन्यात. वेळ झाली, लोक उठले, दिवे मालवायला लागले, हा बसूनच. शेवटी त्या गृहस्थांनी कपाट उघडलं. साहेब बाहेर आला, पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "खलास. यल्ला, घर जाओ." यल्ला म्हणजे चला.

जाण्याआधी त्यानं आम्हाला बंदराच्या कडेला नेलं. तिथं एक बुटकी, गंजलेली टगबोट बांधलेली होती, मोठी जहाजं ओढून आणणारी. तिच्या अंगावर इंग्रजीत नाव, माल्कम. "मेरा नाम से नहीं," तो म्हणाला. "पहले से था. नीचे का वेल्डिंग पेठ ने किया. हर साल." मी विचारलं, तुमच्या देशात किती माल्कम आहेत? तो म्हणाला त्याचा अर्थ असा, की आमच्याकडे दगड भिरकावला तर माल्कमलाच लागतो. राजे झाले त्या नावाचे. तुमच्या पेठेचा गव्हर्नरही आमच्याकडचाच. मी म्हटलं, आमच्याकडे दत्तालाच लागेल. हे मसीहनं त्याला समजावलं तेव्हा तो म्हातारा हसला, मग तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिला. "अच्छा आदमी," म्हणाला. "मेरा बीवी मर गया, तब पेठ मेरे घर में सोया. नीचे. एक महीना."

हे दादानं मला कधीच सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मसीह आपणहून बोलला. त्याच्या बापाचं ऑपरेशन होतं तेव्हा दत्ताभाई रोज काम संपल्यावर इस्पितळात येऊन बसायचे. "मैंने पूछा, आप तो हिंदुस्तानी, मैं पाकिस्तानी, क्यों आते हो? बोले, गाँववाला है तू मेरा." मी पदराची गाठ सोडली, एव्हाना सूर्य बुडाला होता, आणि चणे आम्ही दोघांनी वाटून खाल्ले.

पुन्हा अल मजाज

डॉक्टरांनी परवानगी दिली. विमानात सिलिंडरची सोय झाली. सकाळचं विमान, खिडकीची जागा. आदल्या दिवशी वसईकरानं दादाची दाढी केली, मोनिकावहिनींनी शर्टाला इस्त्री केली. दादा वीस वर्षांच्या पोरासारखा खुलला होता. "सुमे, पेठेत पोचल्यावर घोडा कर मला. पर्यटकासारखा जाणार घरी."

"घोड्याचं कंबरडं मोडेल."

"कुठलं! आता उरलंय काय माझ्यात?"

पहाटे उठून मी पडदा सारला, तर बाहेर काही नव्हतं. खाडी नाही, पलीकडचे दिवे नाहीत, खालचा रस्ता नाही. पांढरं धुकं काचेला चिकटलेलं. वाळवंटात धुकं! मला वाटलं माझेच डोळे झोपेत आहेत. मोनिकावहिनी म्हणाल्या, थंडीत पडतं इथं कधीकधी, फार दाट.

तरी निघालो. वसईकर काचेबाहेर डोकं काढून गाडी चालवत होता. विमानतळावर कळलं, एकही विमान उडत नाही. कधी उडेल सांगता येत नाही. दादाला तिथं बाकावर किती बसवणार? सिलिंडर तरी किती पुरणार? परत आणलं.

मला त्या धुक्याचा असा काही राग आला! आमच्याकडे हेच बघायला लोक पैसे मोजून येतात. आयुष्यभर त्यात वाढले मी, कधी वैर केलं नाही. आजच यायचं होतं मेल्याला?

दादा मात्र रागावला नव्हता. "मला पलंगावर नको, खिडकीशी बसव," म्हणाला. खुर्चीत बसवलं, शाल पांघरली. आत मोनिकावहिनी मी नेलेले चणे तव्यावर गरम करत होत्या, त्याचा खमंग वास बाहेरपर्यंत आला. दादानं डोळे मिटून तो ओढून घेतला.

"भट्टी लागली वाटतं बाजारात," तो म्हणाला.

त्याला भास होत होता की माझी थट्टा करत होता, मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "हो, लागली."

"दुकानं उघडली का गं?"

"उघडताहेत दादा."

"मग बस ना जरा. घाई काय आहे."

मी त्याचा हात धरून बसले. तो काचेतल्या पांढऱ्याकडे बघत होता, आणि इतका निवांत श्वास घेत होता की मला वाटलं, बरा होतोय. थोड्या वेळानं हात जड लागला. मी "दादा, दादा" म्हणत राहिले. वसईकर धावत आला, त्यानं नाडी बघितली आणि छातीवर क्रूसाची खूण केली. मी मोठ्यानं रडले. शेजारचे लोक दारात आले तरी रडत राहिले. शॅरन माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, नको ना." तिच्या तोंडून पहिल्यांदा अख्खं मराठी वाक्य ऐकलं ते असं.

दुपारी ऊन पडलं. खाडी दिसायला लागली, पाण्यावर बदकं, काठावर माणसं. विमानंही सुटली म्हणे.

वाळूतलं स्मशान

पेटी नको, हे त्याचं शेवटचं मागणं. म्हणून तिथंच करायचं ठरलं. कागद झाले, शिक्के झाले, सगळं त्या तीन माल्कमांनी केलं. शहराबाहेर, जबल अलीच्या बाजूला, हिंदूंसाठी जागा होती. आजूबाजूला वाळू आणि वारा.

कॅम्पातले पुष्कळ लोक आले होते. खेडचे, दापोलीचे, साताऱ्याकडचे. अर्धी पाळी बुडवून. गाडीतून तिरडी उतरवली. पुढे वसईचा माल्कम एका बाजूला, दुसऱ्या बाजूला गुडघ्यांत वाकलेला म्हातारा साहेब. त्याला सगळे नको म्हणत होते, तो ऐकेना. मागे लाहोरचा मसीह. चौथी जागा रिकामी होती, तिथं साताऱ्याकडचा एक भला माणूस पुढे झाला.

वसईकरानं त्याला हात केला. "थांब भाऊ. राग मानू नको. गाववाल्यांचा खांदा आहे."

"अरे, मग चौथा गाववाला कुठून आणणार?" तो माणूस म्हणाला. रागानं नाही, काळजीनं.

वसईकर नुसता माझ्याकडे बघत राहिला.

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. तिथवर गेले होते तेच खूप होतं. मी शाळेत पोरांना नियम शिकवले, घरात सुनांना शिकवले. पण जन्माची माल्कमपेठेची, नियमात बसणारी, तिथं मी एकटीच होते. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि मसीहच्या शेजारी खांदा दिला. वाळू पायाला गार लागत होती. साहेब अडखळायचा तेव्हा आम्ही तिघं थांबायचो. माझा दादा फार हलका झाला होता.

पेठ

अस्थी घेऊन मी घरी आले. वाई सोडल्यावर धुकं लागलं. पिशवी मी एसटीच्या खिडकीशी धरून बसले होते.

आमच्याकडे कुणी परगावी वारलं की भेटायला येणारी माणसं एक गोष्ट हमखास विचारतात. शेजारच्या काकूंनी विचारली. आधी सोन्याचा भाव विचारून झाल्यावर, जीभ चावून, डोळ्याला पदर लावून विचारली.

"सुमन, एवढ्या लांब गं बाई... खांद्याला आपल्या गावचं कुणी होतं का?"

"होतं ना काकू," मी म्हटलं. "चौघंही गावचेच होते."